हिंजवडीला कसला आलाय इतिहास?

मामा हे वाक्य प्रश्नाच्या चालीवर म्हणतात, पण तो त्यांचा निकाल असतो. त्यांच्या भाचीने बी. आर्क.ची पाच वर्षं पूर्ण केली आहेत. आता तिला वास्तुकलेचा इतिहास, सिद्धान्त आणि समीक्षा या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंय, आणि प्रबंधासाठी तिने निवडलंय हिंजवडी. मामांच्या मते दोन्ही निवडी फसलेल्या. इतिहासच शिकायचा तर शनिवारवाडा आहे, कार्ला-भाजे आहे. आणि हिंजवडीतच काम करायचं तर कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट करावं, साइटवर उभं राहावं, महिन्याच्या महिन्याला पगार घ्यावा.

मामा इथलेच. जमीन एमआयडीसीत गेली, आलेल्या पैशातून त्यांनी सिव्हिलची ठेकेदारी सुरू केली आणि गावठाणाच्या कडेला चार मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्या. त्या खोल्यांत आयटीतली पोरं राहतात. मधल्या बोळात दोन इमारती इतक्या जवळ आहेत की खिडकीतून हात काढला तर शेजारच्यांच्या ओट्यावरची वाटी उचलता येईल. मी दोघांच्याही ओळखीचा, म्हणून या भांडणाचा साक्षीदार. पंच नाही, पण मत आहे, ते मधूनमधून सांगेनच.

“पाच वर्षं तुला शिकवलं काय?” मामांनी सुरुवात केली.

“डिझाइन, स्ट्रक्चर, सर्व्हिसेस, वर्किंग ड्रॉइंग. इतिहासाचेही पेपर होते, पण ते आदल्या रात्री वाचायचे. इजिप्त, ग्रीस, रोम, गॉथिक, आणि उरलेल्या वेळात हिंदुस्थान. प्लॅन काढायचा, सेक्शन काढायचा, भागांना नावं द्यायची.”

“मग झाला की इतिहास. आता अजून दोन वर्षं त्यातनं काय काढणार? हे बघ, इमारत कशी ठरते ते मी सांगतो. पहिला सातबारा. मग समोरचा रस्ता किती मीटरचा, त्यावर एफएसआय. पुढं, मागं, बाजूला मार्जिन सोडलं की राहिला तो चौकोन. त्यात पार्किंग बसवायचं, कारण पार्किंग बसल्याशिवाय प्लॅन पास होत नाही. गाड्या जिथं वळतात तिथं खांब घेता येत नाही, आणि खांब जिथं पडतो त्यावर वरच्या बेडरूमचं माप ठरतं. मग लिफ्ट, जिना, फायरवाले सांगतील ती रेफ्युज. हे सगळं झालं की आर्किटेक्ट विचारतो, एलिव्हेशनला काय लावायचं, काच का एसीपी? एवढंच त्याच्या हातात. त्यासाठी ग्रीस-रोम?”

वास्तुकलेच्या सिद्धान्तावरची व्याख्यानं मी थोडीफार ऐकली आहेत. इमारतीचा आकार कुठून येतो हे इतक्या थोडक्यात आणि इतक्या स्वच्छ कोणी सांगितल्याचं आठवत नाही. भाचीलाही ते कळलं असावं, कारण ती वाद घालायच्या ऐवजी वहीत लिहून घेत होती.

“मला याचाच अभ्यास करायचाय, मामा. आर्किटेक्ट यायच्या आधी काय काय ठरून गेलेलं असतं, आणि ते कोणी ठरवलं. पण सगळ्याच इमारती अशा होत नाहीत. विद्यापीठातलं आयुका बघा, नारळीकरांचं खगोलशास्त्राचं केंद्र. चार्ल्स कोरियांचं. काळ्या दगडाच्या भिंती, मध्ये पायऱ्यांचं कुंड, त्यात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन यांचे पुतळे. विश्वाबद्दल विचार करणाऱ्यांची जागा कशी असावी, याचा कोणीतरी आधी विचार केला होता. तो विचार पार्किंगमधून आलेला नाही.”

“कोरियांना क्लायंट म्हणून नारळीकर मिळाले. मला मिळतो तो म्हणतो, मामा, एका मजल्यात अजून दोन खोल्या निघतात का बघा.”

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. वास्तुकलेच्या पुस्तकांत ज्या इमारतींचे फोटो असतात त्यांचे मालक बहुधा सरकार, विद्यापीठ, देवस्थान किंवा एखादा श्रीमंत आणि समंजस माणूस असतो. आपण ज्या इमारतींत राहतो त्या पुस्तकात येत नाहीत. त्या आणायच्या म्हणून तर भाची हिंजवडीला आली होती. तिने विषय गेटवर नेला.

“दुसऱ्या-तिसऱ्या फेजमधल्या कॅम्पसची गेटं बघितलीत? त्यातले कितीतरी सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र आहेत. २००५ च्या कायद्याने सीमाशुल्काच्या हिशेबात ती जागा भारताच्या बाहेरची धरतात. आतून बाहेर माल आणला तर ती आयात होते.”

मामा चहा पिता पिता थांबले. “म्हणजे माझं वावर परदेशात गेलं म्हण की! आणि मला पासपोर्टसुद्धा नाही.”

“तसंच काहीसं. आता भिंतीकडे त्या नजरेने बघा. ती नुसती चोरासाठी नाही. ती जकातीची हद्द आहे. आत शिरायला दार एक, ते रस्त्यापासून लांब आत, बॅगा तपासायला जागा हवी म्हणून. इमारतीचं तोंड आतल्या लॉनकडे, रस्त्याकडे पाठ. त्यामुळे रस्त्याला दुकान नाही, सावली नाही, टेकायला कठडा नाही. हजारो माणसं बाहेर पडतात आणि त्यांना चहा प्यायला समोरच्या पत्र्याच्या टपरीवर जावं लागतं. ती टपरी मात्र अतिक्रमण ठरते. हे आर्किटेक्टने काढलेलं नाही, कायद्याने काढलंय. पण ड्रॉइंगवर सही आर्किटेक्टची.”

“इन्फोसिसची अंडी तरी छान आहेत,” मामा म्हणाले. हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांनी दुसऱ्या टप्प्यातल्या कॅम्पससाठी केलेल्या त्या गोलाकार काचेच्या इमारतींना सगळा गाव अंडी म्हणतो. “पाव्हणे आले की मी लांबनं दाखवायला नेतो.”

“लांबनंच ना?”

मामा हसले. तिने राहुल मेहरोत्रांचं नाव काढलं. १९९० नंतरच्या भारतीय वास्तुकलेवर त्यांचं २०११ चं पुस्तक आहे. उदारीकरणानंतर आलेल्या पैशाला थांबायला वेळ नसतो, त्याला इमारत लवकर हवी, कुठेही चालेल अशी हवी, असं त्यांचं निदान. मामांना त्यात नवं काही वाटलं नाही. घाई कोणत्या पैशाला नसते, असं म्हणून त्यांनी ते बाजूला सारलं.

खरी ठिणगी पडली ती पुढे.

“तू जे मला शिकवतेस ना, ते आम्हाला न शिकता माहीत होतं. बत्तीस-दोनची नोटीस आली, सातबाऱ्यावर इतर हक्कात एमआयडीसीचा शिक्का पडला, त्या दिवशीच कळलं इथं काय उभं राहणार ते. तेव्हा तुझा एक तरी प्रोफेसर आला होता का विचारायला?”

बत्तीस-दोन म्हणजे १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाचं कलम ३२, पोटकलम दोन. चाकणपासून तळेगावपर्यंत या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे आकडे पाढ्यासारखे पाठ असतात. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला ते पाच वर्षांत एकदाही ऐकू येत नाहीत. हा माझा तक्रारीचा मुद्दा आहे, आणि तो मी मामांच्या बाजूने नोंदवतो.

भाची मात्र मुळशीवर गेली. तालुका तोच. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी घ्यायला सुरुवात झाली आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह उभा केला. जमीन घ्यायला १८९४ चा कायदा होता, वीज जाणार होती मुंबईला.

“एकाच तालुक्यात ऐंशी वर्षांच्या आत तोच प्रसंग दोनदा, मामा. तेव्हा डोंगरातनं वीज बाहेर गेली, आता माळावरनं सॉफ्टवेअर बाहेर जातं. धरण आणि आयटी पार्क शेजारी ठेवून वाचले की काचेच्या इमारतीचा पाया किती खोल आहे ते कळतं.”

“बापट तुरुंगात गेले. धरण थांबलं का?”

“नाही.”

“मग? आमच्या पाव्हण्यांची गावं पाण्याखाली गेली, शंभर वर्षं झाली. त्याच्यावर पुस्तकं आली असतील. पाणी एक इंच तरी उतरलं का?”

ती गप्प बसली. मामा चांगले वक्ते आहेत आणि जिंकायला लागले की थांबत नाहीत. “आणि हे सगळं तू शिकणार इंग्रजीत. लिहिणार इंग्रजीत. वाचणार कोण? तुझे दोन परीक्षक.”

तेवढ्यात तिने फ्लेचरचं झाड काढलं, आणि ते तिच्यावरच उलटलं. बॅनिस्टर फ्लेचर यांचा वास्तुकलेचा इतिहास १८९६ चा. कित्येक पिढ्या तो जगभर पाठ्यपुस्तक म्हणून चालला, आपल्याकडेही. त्यात वास्तुकलेचा वृक्ष काढलाय. मधला सोट ग्रीस-रोममधून वर युरोप-अमेरिकेत जातो. भारत, चीन, जपान, मेक्सिको बाजूच्या फांद्यांवर, जिथून पुढे काही फुटत नाही. पुढच्या आवृत्त्यांत तर या शैलींचा विभागच ‘अनैतिहासिक’ या नावाने वेगळा काढला होता.

“म्हणजे गोऱ्यांनी म्हटलं, तुम्हाला इतिहास नाही. आणि मी म्हणतो, हिंजवडीला इतिहास नाही. आम्ही दोघं एकच बोललो म्हण.”

“हो, तसंच म्हणायचंय मला.”

“मग त्यांच्याच भाषेत का शिकतेस?”

इथे मला तोंड घालावंसं वाटलं. मराठीत या विषयाची परंपरा नाही, हे खरं नाही. माधव आचवल वास्तुशास्त्र शिकवत होते आणि त्यांचं ‘किमया’ १९६१ सालीच आलं. भिंत, उजेड, पायरी, मोकळी जागा यांकडे कसं बघायचं ते त्यांनी मराठी वाचकाला हाताला धरून शिकवलं. मी स्वतः इमारती बघायला शिकलो तो त्या पुस्तकामुळे. पण आचवलांनी आपल्याला देवळात नेलं, वाड्यात नेलं. तहसील कचेरीत कोणी नेलं नाही. मामांनी मघाशी सांगितलेली इमारत, ती सातबाऱ्यावर सुरू होणारी, मराठी ललित गद्यात अजून आलेली नाही. ही उणीव आचवलांची नाही. त्यांच्या पुढे कोणी चाललं नाही, याची आहे.

कार्ल्याचा विषय मामांनीच काढला. दर वर्षी ते एकवीरा आईला जातात, आणि देऊळ लेण्याच्या अंगणातच आहे. “इतिहास म्हणजे ते,” ते म्हणाले. “दोन हजार वर्षं झाली, दगड हलला नाही.”

“आत जाऊन वर बघितलंत कधी?”

“लाकडाच्या कमानी आहेत.”

“सागाच्या. दगडात कोरलेल्या छताला लाकडाच्या फासळ्यांची गरजच नाही, ते त्यांच्याशिवायही उभं राहतं. पण कोरणाऱ्यांना देवघर म्हणजे लाकडी घर एवढंच ठाऊक होतं, म्हणून डोंगराच्या पोटात त्यांनी लाकडी घर बांधलं. तुमच्या काचेसारखंच. पुण्याच्या पश्चिमेच्या उन्हाला काच चालत नाही, तरी ऑफिस म्हणजे काच हे आपल्याला ठाऊक, म्हणून लावायची आणि एसी चालवायचा. आणि दाराशी ब्राह्मी लिपीत लिहिलंय, वाचलंत? हे दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केलं, वेणुवासाच्या मुलाने.”

“सुताराचं नाव? लेण्यावर?”

“दात्यांची नावं आहेत, व्यापाऱ्यांची आहेत, यवनांची आहेत. त्यांत एका सुताराचंही.”

मामा जरा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एक हिशेब मांडला, तो मी तिच्या प्रबंधासाठी मनात टिपून ठेवला. त्यांच्या साइटवर सेंट्रिंगवाले एका राज्यातले, बार बेंडिंगवाले दुसऱ्या, टाइल्सवाले तिसऱ्या. स्लॅब पडला की टोळी पुढच्या साइटवर जाते. पत्र्याच्या खोल्या सोडून, त्यांच्या भिंतींवर खडूने लिहिलेले मोबाइल नंबर तसेच ठेवून. इमारतीच्या नावाची पाटी लागते तेव्हा ती बांधणाऱ्यातलं कोणी हिंजवडीत नसतं. “नावं कुठं लिहायची सांग? आणि लिहिणार कोण? कोपऱ्यातल्या हजेरीच्या वहीत आहेत, ती दिवाळीला रद्दीत.”

“ती रद्दीत टाकू नका,” भाची म्हणाली. एवढंच.

पाण्याचा विषय निघणारच होता. जून २०२५ मध्ये एका जोराच्या पावसात आयटी पार्कचे रस्ते असे भरले की लोकांनी त्याचं नाव वॉटर पार्क ठेवलं. मग बुजवलेल्या, वळवलेल्या ओढ्या-नाल्यांची शोधाशोध सुरू झाली. भाचीला वाटलं, आता मामा कबूल करतील.

“ब्रोशरवर टाउनशिपचं इंग्रजी नाव असतं ना, त्याच्याखाली बारीक अक्षरात सर्व्हे नंबर असतो. तो नंबर ज्या पद्धतीचा, ती पद्धत याच जिल्ह्यात जन्मली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूरला ती मोजणी बसवली आणि मग ती सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. गाव नकाशात ओढा दुहेरी रेघेने दाखवलेला असतो. आमच्या डिझाइनच्या वर्गात साइट प्लॅन मिळतो तो कोरा चौकोन. त्यावर उत्तर दिशा, बस्स. तो जुना नकाशा विद्यार्थ्याच्या हातात कोणी दिला असता तर? पॅट्रिक गेडिस तेच सांगत होते. गावात आधी पायी फिरा, तळी बुजवू नका, लोक कसे राहतात ते बघा आणि मग पेन्सिल उचला. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. घुर्ये त्यांच्या हाताखाली शिकले, इरावतीबाई कर्वे घुर्यांच्या. म्हणजे आपल्याकडचं समाजशास्त्रच एका नगररचनाकाराने सुरू केलं. पुढे ते दोन विषय एकमेकांना विसरले. मला ते परत एका टेबलावर बसवायचेत.”

मामांनी ते सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “पोरी, नकाशा सगळ्यांकडं होता. मोजणीवाल्याकडं, तलाठ्याकडं, बिल्डरकडं, माझ्याकडं. ओढा सगळ्यांना दिसत होता. माहीत नव्हतं म्हणून नाही बुजवला.”

मामांच्या सगळ्या बोलण्यातलं हे वाक्य मला सगळ्यात वजनाचं वाटलं. ज्ञान वाढलं की शहर सुधारतं, ही शिकलेल्या माणसाची आवडती समजूत. ओढ्यापाशी ती टिकत नाही.

भाचीला उत्तर द्यायला वेळ लागला, पण दिलं ते चोख.

“मग हा प्रश्न पाइप केवढा घालायचा याचा राहतच नाही ना? दिसणारा ओढा न दिसल्यासारखा करायचा तर किती टेबलं लागतात, कोणता कागद कुठे थांबतो आणि कुठे पळतो, हे कोणीतरी लिहायला नको? सिव्हिलवाला ते लिहिणार नाही, तो त्याचा विषयच नाही. आर्किटेक्ट लिहिणार नाही, कारण पुढचं काम हवंय.”

“टेबलं मोजायची तर बस इथं.” मामांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. गावठाणाला ग्रामपंचायत. पार्कला एमआयडीसी, तिची नियमावली वेगळी. त्याच्या बाहेरच्या रानाला पीएमआरडीए, ती २०१५ पासूनची. हायवे ओलांडला की वाकड, तिथे महापालिका. हायवे केंद्राचा. आता वरून मेट्रो, माणपासून शिवाजीनगरपर्यंत तेवीसेक किलोमीटर, तिचे खांब वेगळ्याच कराराचे. “पावसाचं पाणी या सगळ्यांच्या हद्दीतनं जातं आणि परवानगी एकाचीही घेत नाही. आणि चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड निघतं ना, हिंजवडीतनं वाकडला, तेही असंच. त्या दिवशी सगळी खाती रस्ता मोकळा करून देतात. हद्दी कोणाला आठवत नाहीत.”

“हे कुठल्या पुस्तकात आहे, मामा?”

“कुठल्याच नाही.”

“म्हणूनच दोन वर्षं हवीत.”

“आणि दोन वर्षांनी सही मागायला बिल्डर आला तर? तू नाही म्हणशील. तो पलीकडच्या गल्लीत जाईल, कमी पैशात करून घेईल. तुझ्या नाही म्हणण्यानं ओढा वाचला का?”

“नाही वाचला. पण कोणी नाही म्हटलं, आणि का म्हटलं, याची नोंद तरी राहील.”

मला हे उत्तर अर्धवट वाटतं. नोंद राहिल्याने काय होतं, हा मामांचा प्रश्न तसाच उरतो. तरी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांतल्या काहींना तरी साइट प्लॅन बघताना तो कोरा दिसू नये, इतपत मागणी मला रास्त वाटते. त्यासाठी दोन वर्षं जातात तर जावोत. मॅनेजमेंट शिकलेली माणसं हिंजवडीला कमी नाहीत.

मामांचा विरोध मावळला असं नाही, पण ते व्यवहारावर आले. “कागद देतो. माझ्या वडलांच्या पेटीत सगळं आहे. टिपणं, फाळणी, नोटिसा, मोबदल्याच्या पावत्या. पण अटी आहेत. एक, मराठीत लिहायचं. मला वाचता आलं पाहिजे.”

“परीक्षकांना मराठी येत नसेल.”

“मग दोनदा लिही. आणि दोन, माझी बिल्डिंग त्यात आणायची नाही.”

“पहिलं प्रकरण तिचंच आहे, मामा. शेजारच्या बाजूला मार्जिन किती सोडलंय?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं.

“तीन फूट,” ते म्हणाले. “लिही. पण त्याच पानावर समोरच्या कॅम्पसनं लॉनला किती सोडलंय तेही मोजून लिही. आकडे खाली-वर नको, शेजारी शेजारी पाहिजेत. आणि तो लॉन कोणाच्या सर्व्हे नंबरवर आहे, ते मी सांगतो.”